मदत हवी आहे : मलिद्याचे ताट आणि लेकीचा प्रश्न

नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. माझे बालपण ठाण्यात गेले आणि लग्नानंतर गेली 28 वर्षे मी इस्राएलमध्ये अश्दोद येथे राहते. येत्या महिन्यात धाकट्या लेकीच्या मेंदीच्या दिवशी घरी मलिदा करायचा आहे. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओले खोबरे आणि वेलची कालवून, भोवती फळे मांडून आम्ही एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करतो. माझी आई त्या ताटावर गुलाबाची पाकळी ठेवताना जे मराठी शब्द म्हणत असे, ते माझ्या ओठांवर आपोआप येतात. लेकीला मात्र ते कळत नाहीत.

तिने परवा विचारले, "आई, इथे मला सगळे भारतीय म्हणतात आणि भारतात आपल्याला इस्राएली म्हणतात, मग आपण कुठल्या?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. इस्राएलमध्ये विवाहनोंदणीच्या निमित्ताने आमच्या समाजाच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली होती आणि मोठ्या आंदोलनानंतर 1964 साली आम्हांला पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली, हे मी तिला सांगितले. पण तो इतिहास झाला, आपलेपण नव्हे.

परदेशात मुले वाढवलेल्यांनी कृपया सांगावे : मुलांना मराठी वाचता येत नसताना आपण हे नाते त्यांच्यापर्यंत कसे पोहोचवलेत? तसेच नवगावला आमच्या पूर्वजांचे जुने दफनस्थान आहे. लग्नानंतर लेक-जावयाला तिथे न्यायचे आहे. अलिबागकडील कोणी वाट दाखवू शकेल का?