घाट चढताना जुनी पेट्रोल जीप बंद पडते, कार्बोरेटर दोनदा साफ केला तरी

पाचोरेकर:
राम राम मंडळी. वडिलांची महिंद्रा सीजे ३बी आहे, हरिकेन पेट्रोल इंजिन, आजूबाजूच्या सगळ्यांनी डिझेल बसवून घेतलं पण आम्ही नाही बदललं. सपाट रस्त्याला मस्त चालते. चाळीसगावहून कन्नड घाटाला लागलं की १०-१५ मिनिटांत धक्के मारते, मिस करते आणि बंद. चोक ओढला तर जरा ओढते. अर्धा तास थांबलं की एका सेलमध्ये चालू! प्लग, पॉइंट, कंडेन्सर हे ठिणगीचे पार्ट नवे आहेत. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर नवीनच टाका. काय करू?

यावलचा जीपवाला:
कार्बोरेटरला हात लावू नको भाऊ. चोक हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो, तो ओढल्यावर गाडी ओढते म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय, आणि ते बहुतेक मागूनच येत नाहीये. टाकीनं झाकण पयलं देख भो! बंद पडली की लगेच उघड, सूंऽऽ करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. पेट्रोल कमी होतं तशी आत हवा जायला पाहिजे, नाहीतर पंप ओढून ओढून थकतो.

भुसावळकर:
आपल्याकडच्या ४५ डिग्रीत पेट्रोलची पाईपातच वाफ होते हेही बघ. पंपावर आणि पाईपवर ओलं फडकं टाक, लगेच चालू झाली तर तेच. आणि टाकीत हवा जात नसेल तर पाईपात दाब कमी होतो मग वाफ अजून लवकर होते, दोन्ही एकमेकांना धरून आहेत. पाईप सायलेन्सरच्या पाईपजवळून गेला असेल तर लांब घे.

रावेरचा केळीवाला:
विहिरीवरच्या मोटारीचा सक्शन पाईप चिरला तर पाणी बाहेर गळत नाही, मोटार हवा धरते, तसंच इथंही. टाकी ते पंप रबरी पाईप वाकवून चिरा बघ, बाहेर थेंबही दिसणार नाही. २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आल्यापासून जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, मी स्वतः दोन पाईप आणि पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) बदललाय. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला तर डायफ्राम फाटलाय, गाडी चालवूच नको, पेट्रोल ऑइलमध्ये उतरून बेअरिंग जातील.

पाचोरेकर:
काल घाटात बंद पडली, झाकण उघडलं तर एवढ्या जोरात हवा आत गेली की बायको पण दचकली. लगेच चालू! मग दर दीड-दोन किलोमीटरला थांबून झाकण उघडत वर कन्नडपर्यंत गेलो. मागच्या वर्षी झाकण हरवलं म्हणून दुसरंच बसवलं होतं, त्याला भोकच नाही. रबरी पाईप पण फुगलेला निघाला, तो आजच बदलला. काडीला वास नाही. आता झाकणाला ड्रिलने भोक पाडू का?

यावलचा जीपवाला:
अजिबात नको. टाकी सीटखाली आहे, गाडी उसळली की पेट्रोल अंगावर. हवेची सोय असलेलं जीपचंच झाकण घे, जुन्या स्पेअरवाल्यांकडे मिळेल. तोवर घाटात नेऊ नको.