दिवाळीनंतरची रानवाट आणि तळ्याकाठची पायपीट: नागपूरहून कुठे जावे?

प्रश्न (महालकर)

नमस्कार. त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या एखाद्या रविवारी अडुसष्ट वर्षांचे वडील आणि अकरा वर्षांची मुलगी यांना घेऊन जंगलातून व तलावाच्या काठाने तीन-चार तास पायी फिरण्याचा विचार आहे. जिप्सीत बसून वाघ पाहण्याची ओढ नाही. झाडे, पाणी, पक्षी आणि चालणे एवढेच हवे आहे. पेंचमध्ये सिल्लारीच्या बाजूने पहाटेच निघून तोतलाडोहच्या पाण्यापर्यंत चालत जाता येईल का? तसे जमत नसल्यास दुसरी वाट कोणती, आणि या दिवसांत काय जपावे?

उत्तर (रानभुली)

तोतलाडोहचा जलाशय व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात आहे आणि तिथे पर्यटकांना मनाप्रमाणे पायी फिरता येत नाही, तेव्हा तो बेत सोडून द्यावा. रामटेकला जा. अंबाळा तलावाचे घाट आणि काठावरची जुनी देवळे सावकाश पाहून तिथूनच पायऱ्यांनी गड चढता येतो, म्हणजे पाणी, झाडी आणि चढण असे तिन्ही एकाच सकाळी मिळते. पौर्णिमेची यात्रा आटोपल्यावर तिथली गर्दीही ओसरलेली असते. वानरे फार आहेत. मुलीच्या हातात खाऊची पिशवी देऊ नका.

पहाटेचा आग्रह मात्र धरू नये. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य साधारण साडेसहाला उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. ऊन वर आल्यावर निघावे आणि चार वाजेपर्यंत झाडीतून बाहेर पडावे.

उत्तर (कुसळ)

वेळेपेक्षाही गवताचा विचार आधी करावा, असे मला कळकळीने वाटते. या दिवसांत पानगळ सुरू झालेली असेल, अशी पुष्कळांची समजूत असते, पण आपल्या सागाची पाने बहुतांशी जानेवारीनंतर झडतात. कार्तिकात रान अजून दाट असते आणि पावसाळ्यात वाढलेले गवत वाळून कमरेपर्यंत उभे असते, त्यामुळे चार पावलांवर बसलेले जनावर किंवा वाटेवर ऊन खात पडलेली घोणस पटकन दिसत नाही. म्हणून रुळलेली वाट सोडू नये आणि मुलीला पुढे धावू देऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१८ साली नागपूर आणि परिसरात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवताझुडपांतल्या बारीक कोळ्यांसारख्या किड्यांच्या पिल्लांच्या चाव्यातून हा ताप होतो, आणि पावसाळा सरतानाचे महिने त्याचेच असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यांत खोचावी (कुसळांपासूनही तेवढीच सुटका होते), गवतावर आडवे पडू नये आणि घरी येताच आंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुवावेत. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर काळी खपली दिसली, तर जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेवर ओळखल्यास औषधांनी हा आजार बरा होतो.

उत्तर (तळेकाठ)

पक्ष्यांसाठी जात असाल आणि मुक्काम शक्य असेल, तर गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचा जरूर विचार करा. डोंगरांच्या कुशीतला तो विस्तीर्ण तलाव कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या जुन्या परंपरेतून उभा राहिला, आणि वडिलांना त्यात निश्चितच रस वाटेल. मात्र या महिन्यात तलाव काठोकाठ भरलेले असतात, त्यामुळे चक्रवाक आले तरी लांब पाण्यात राहतात. पाणी हटून चिखलाचे काठ उघडे पडू लागले की ते जवळ दिसतात. दुर्बीण न्यावी, अथवा ही सहल जानेवारीवर टाकावी.

महालकर

मनापासून आभार. रामटेकच ठरवतो आणि नवेगावबांध जानेवारीसाठी राखून ठेवतो. वडिलांना पायऱ्या चढता येतात, पण उतरताना गुडघे दुखतात.

रानभुली

मग उतरण्याची काळजीच नको. गडावर गाडीचा रस्ता जातो. चढताना सगळ्यांनी पायऱ्यांनी जावे आणि गाडी आधीच वर पाठवून ठेवावी.