जागलीवर बसून पोकर: अठरा बाय-इन गेले, आता १०/२० वर चढू का?

जागल्या_दारव्हा · ९ फेब्रुवारी २०२५, रात्री १:५२

पोकर कळणाऱ्यांनीच उत्तर द्या. "जुगार सोड" म्हणणाऱ्यांनी टाईप करायचा त्रास घेऊ नका, ते काम आमची आई दोन्ही टाईम करते.

प्रश्न आधी सांगतो. बँकरोल (खेळासाठी वेगळे ठेवलेले पैसे) ४० हजार. ५/१० चं होल्डेम, म्हणजे सक्तीचे ब्लाइंड ५ चा छोटा आणि १० चा मोठा (बिग), टेबलावर बसायचा बाय-इन हजार रुपये; सहा जणांचं टेबल, फोनवर दोन टेबलं एका वेळी. जूनच्या पेरणीच्या आधी १ लाख ९० हजार उभे करायचे आहेत. १०/२० वर चढू की ५/१० लाच राहू?

पैसे कुंपणाले पाहिजेत. चार एकर वावर जंगलाच्या कडेला आहे, तूर कशीबशी घरी आली, आता हरभरा घाट्यावर आहे आणि रानडुकरं रोज येऊन राहिली. रोही (नीलगाय) वेगळे. यवतमाळच्या दुकानदारानं जाळी, सिमेंटचे खांब, मजुरी सगळं धरून ११० रुपये फूट सांगितलं आणि आमचा घेर सतराशे फुटांच्या वर जाते. म्हणून रोज रात्री मचाणावर जागल. बसल्या बसल्या काय करावं, तर मागच्या पावसाळ्यात १५ हजार टाकून खेळणं सुरू केलं. पहिल्या लाखभर हातांत (डावांत) १५ चे ५८ हजार झाले. त्यानंतर जी घसरगुंडी लागली ती थांबायचं नाव नाई. ५८ वरून ४० वर आलो. एक्क्यांची जोडी घेऊन फ्लॉपच्या (बोर्डावरच्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधीच ऑल-इन, म्हणजे सगळे पैसे मधात, समोर बादशहाची जोडी, बोर्डावर बादशहा. एकदा नाई, तीनदा.

वरून नेटवर्क. गावची लाईन गेली की टॉवरची बॅटरी थोडा वेळ टिकते, मंग रेंज गुल. परवा सत्तीचा सेट (तीन सत्त्या) लागला होता, समोरच्यानं अर्ध्या पॉटचा (मधात जमलेल्या पैशांच्या अर्ध्याचा) बेट मारला आणि स्क्रीनवर चक्कर फिरून राहिली. टाईम बँक (विचाराले मिळणारा वेळ) संपला, हात फोल्ड, म्हणजे पत्ते टाकल्यासारखे. साइटवाल्यांचं उत्तर: नेट तुमचं, जबाबदारी तुमची.

माझं म्हणणं असं का ५/१० वर जिंकायचा दर जमत होता, मंग १०/२० वर त्याच मेहनतीत दुप्पट पैसे. चुकते काय?

---

रिव्हरग्रस्त · ९ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

मी आर्वीचा, सध्या पुण्यात. चार वर्षं हेच केलं, तेव्हा आकड्यांत बोलू.

तुझा पहिला लाखभर हातांचा नफा ४३ हजार, म्हणजे १०० हातांमागे चार बिग ब्लाइंडच्या किंचित वर. चांगला दर आहे. पण सहाच्या टेबलावर प्रमाणित विचलन (नशिबाची वरखाली) १०० हातांमागे ९० ब्लाइंडच्या आसपास धरतात. लाख हातांनंतरही तुझ्या दरात वरखाली जवळपास तीन ब्लाइंडचा झोका राहतो. मग तो खरा चार असेल, एक असेल किंवा सातही असेल. आणि खरंच चारचा खेळाडू असलास, तरी २५ हजार हातांच्या तुकड्यात चारातून एकदा तोट्यात निघशील. त्यामुळे अठरा बाय-इनची घसरण पाहून मला धक्का बसत नाही. एक्के विरुद्ध बादशहा म्हणजे ८२ टक्के. शंभरात अठरा वेळा मार खायचाच, तो तीनदा ओळीनं बसला तर बसला.

आता तुझ्या जूनचा हिशोब. फोनवर दोन टेबलं म्हणजे तासाला १३० हात. पाच तासांची जागल धरली तर जूनच्या मध्यापर्यंत ऐंशी हजार हात होतील. चारचा दर टिकला, तर ३२ हजार रुपये. हे कर कापायच्या आधीचे. तासाला ५२ रुपये पडतात भाऊ, आणि ३० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) जाऊन ३६. आर्वीत यापेक्षा जास्त रोजी कापूस वेचायला मिळते.

१ लाख ९० हजार हातात पडायला या दरानं पाच हजारांवर तास लागतील. म्हणजे रोज पाच तास बसून तीन वर्षं. तुझं कुंपण तोवर पोकरवर अवलंबून ठेवशील का?

---

पऱ्हाटी_किंग · ९ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

बे तू डुकरं हाकलतो का पत्ते पाहतो? हरभरा वाचला का नाई ते सांग पहिले 😂

---

जागल्या_दारव्हा · ९ फेब्रुवारी, दुपारी २:३०

@पऱ्हाटी_किंग हरभरा ऐंशी टक्के वाचला. डुकरं आली का कुत्री भुंकतात, टॉर्च घेऊन उठतो, एखादा ब्लाइंड जाते. हात चांगला असला तर मात्र जीव टांगणीला. एकदा राणीची जोडी घेऊन तसाच धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) धावलो, एका हातात टॉर्च, एका हातात फोन. जिंकलो तो पॉट.

@रिव्हरग्रस्त हिशोब कबूल. पण तू वेळ धरून राहिला, टेबल धरून नाई राहिला. रात्री बारानंतर दिल्ली-मुंबईचे लोक पार्टी करून येतात, कोणत्याही दोन पत्त्यांवर रिव्हरपर्यंत (शेवटच्या पत्त्यापर्यंत) कॉल करतात, म्हणजे समोरच्याएवढे पैसे लावत जातात. दिवसा ५/१० वर सगळे माझ्यासारखेच बसलेले असतात, एकमेकांकडून काहीच निघत नाई आणि पाच टक्के रेक (कमिशन) मात्र साइट नेते. रात्रीचा माझा दर चारच्या वर आहे, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. आणि मजुरीचं म्हणशील तर मजुरी दिवसा, जागल रात्री. जागलीचे मले कोणी पैसे देत नाई. ते तास तसेही फुकटच जाणार होते.

---

रिव्हरग्रस्त · ९ फेब्रुवारी, रात्री ९:४५

शेवटचा मुद्दा खरा आहे, फुकटच्या तासांना ३६ रुपयेही वाईट नाहीत. तेवढ्यापुरता मी मागे हटतो.

पण १०/२० चं उत्तर नाहीच. ४० हजार म्हणजे ५/१० वर ४० बाय-इन, १०/२० वर फक्त २०. वर टेबल थोडं कडक असतं, म्हणून दर चारचा तीन धर. बँकरोल पूर्ण बुडायची शक्यता काढ: ५/१० वर साधारण दोन टक्के, १०/२० वर तेवीस टक्के. तिथे दर दोनच निघाला तर सदतीस. मेहनत तीच राहील, पैसे दुप्पट व्हायच्या आधी बुडायची शक्यता दहापटीनं वाढेल.

आणि तारीख लावून खेळू नकोस. पत्त्यांना पेरणीची तारीख माहीत नसते. मे महिन्यात दीड लाख कमी पडतात असं दिसलं की माणूस काठावरचे कॉल मारायला लागतो, हे मी पुण्यात फ्लॅटच्या डिपॉझिटपायी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. रूम पार्टनर होता. त्याचा खेळ माझ्यापेक्षा सरस होता.

एक काम कर. ॲपवर ट्रॅकर (हातांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) चालत नसेल तर मागच्या सगळ्या ऑल-इनच्या हातांची यादी काढ. पैसे मध्ये गेले त्या क्षणी तू किती टक्क्यांवर होतास ते लिही, पॉटला त्या टक्क्यानं गुण, बेरीज कर. आलेली बेरीज आणि प्रत्यक्ष मिळालेले पैसे यांतला फरक म्हणजे तुझं नशीब. उरलेला तोटा दुसरीकडून आला आहे.

---

हिशोबनीस · १० फेब्रुवारी, सकाळी ११:१०

वर्षअखेर कोणी धरलेली दिसत नाही, म्हणून लिहितो.

१ एप्रिल २०२३ पासून ऑनलाईन गेमच्या निव्वळ जिंकण्यावर आयकराच्या कलम १९४बीए खाली ३० टक्के टीडीएस आहे. पैसे काढले की तेव्हा कापतात, आणि नाही काढले तर ३१ मार्चला वॉलेटमधली शिल्लक धरून कापतात. तुमचे १५ हजार भरलेले, ४० हजार शिल्लक. बोनस बाजूला ठेवू. निव्वळ २५ हजार, त्यावर ७,५०० जातील. १ एप्रिलला तुमचा बँकरोल ३२,५०० आहे हे धरूनच टेबल निवडा. १०/२० वर ते सोळा बाय-इन होतात.

बाकी उत्पन्न करपात्र नसलं तरी या रकमेवर दर सपाट ३० टक्केच, सूट नाही. पुढच्या वर्षी हरलात तर तो तोटा या वर्षीच्या जिंकण्यातून वजाही होत नाही.

शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी. दहा हजार टाकले की त्यातले २,१८७ सरकारकडे. बऱ्याच साइट्स तेवढा बोनस देऊन ते झाकतात, पण बँकरोल संपल्यावर "परत टाकू" म्हणताना हे लक्षात असू द्या.

---

धुरेवाले_काका · १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३५

बाबू, तुह्या पत्त्याचा हिशोब मले काई समजला नाई. कुंपणाचा समजते म्हून लिवतो.

जाळीच काहून पाह्यजे? झटका मशीन घे. सोलर प्लेट, बॅटरी, मशीन, चार-पाच पदरी तार अन् बांबूचे खांब, जाळीच्या चौथाईच्या आसपास काम होते. आमी पाच वर्सापासून वापरून राह्यलो. डुकराले एकडाव नाकावर झटका बसला का तो धुरा वलांडत नाई. वन खात्याची पण योजना असते जंगलालगतच्या गावाईले, तुह्या गावचं नाव यादीत हाये का ते वनरक्षकाले इचार. अन् जे नुकसान झालं त्याचा पंचनामा केला का नाई? घरी बसून कोनी पैसे आनून देत नाई.

फकस्त एक गोठ ध्यानात ठेव. खांबावरची लाईन डायरेक्ट तारेत सोडू नको. त्यानं मानसं मरतात, वाघ मरतात, अन् मंग जेल. झटका मशीनचा करंट क्षणाक्षणाले सुटते, म्हून तो मारत नाई.

मले इतकंच दिसते का तुह्या त्या खात्यात आजच कुंपनाचे पैसे पडून हायेत.

---

जागल्या_दारव्हा · ११ फेब्रुवारी, रात्री १२:४०

काका, वनरक्षकाले उद्या भेटतो. पंचनाम्याचा अर्ज दिला होता, तलाठ्याची सही राहिली.

पण बँकरोल मोडून कुंपण म्हणजे बियाणं विकून वखराची पाळी घालण्यासारखं आहे. एकदा काढलं का परत सुरू करायले परत भराव लागते, परत जीएसटी. ५/१० वरच राहतो. १०/२० रद्द, रिव्हरग्रस्त भाऊचं ऐकलं.

यादी काढून पाहिली. अठरातले साधारण अकरा बाय-इन ऑल-इनच्या नशिबातले निघाले. उरलेले सात कुठं गेले ते वहीवरून दिसलं नाई, रेक धरलं तरी भरत नाई.

---

रिव्हरग्रस्त · ११ फेब्रुवारी, सकाळी ८:००

त्या सातांची वेळ बघ. तीन वाजताचे किती?

---

जागल्या_दारव्हा · ११ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

दोन ते चारमधले पाच. पार्टीवाले लोक दीडलाच झोपतात म्हणा.

---

जागल्या_दारव्हा · २४ ऑगस्ट २०२५, दुपारी ४:१५

धागा वर काढतो, कारण प्रश्नच उरला नाई.

बातमी सगळ्यांनी पाहिली असेल. २१ तारखेला राज्यसभेत ऑनलाईन गेमिंगचा कायदा पास, २२ ला राष्ट्रपतीची सही, आणि पैशाची टेबलं बंद. कौशल्य का नशीब हा वादच त्यांनी बाजूला ठेवला, पैसे लावून खेळायचा ऑनलाईन खेळ म्हटला का बंद. गुजरात हायकोर्टानं २०१७ ला पोकरला जुगार म्हटलं होतं, अलाहाबादवाल्यांनी मागच्या वर्षी कौशल्य म्हटलं. ते सगळं वाचून मी इथं भांडायच्या तयारीत होतो, आता कोणाशी भांडू?

३१ मार्चला हिशोबनीस साहेबांनी सांगितलं तेवढेच कापले. मंग मेपर्यंत ४० च्या वर गेलो, जुलैत खाली आलो. बंद झालं तेव्हा ३७ होते. काढले, कर जाऊन ३५,६०० खात्यात आले, दोन दिवसांत. झटका मशीन घेतली. सोयाबीन आणि पऱ्हाटीच्या भोवती चार पदर मारले. योजनेच्या यादीत गाव नव्हतं.

आता व्हॉट्सॲपवर एजंट मागं लागले आहेत. क्लब ॲप, चिप्स ते देणार, पैसे यूपीआयवर, टीडीएस नाई, जीएसटी नाई. खेळणाऱ्याले शिक्षा नाई असं कायद्यातच आहे म्हणतात. कोणी खेळून राहिलं का?

---

रिव्हरग्रस्त · २४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे बरोबर. पण एजंट तुला जिंकलेले पैसे कोणाच्या खात्यातून पाठवेल? त्या खात्यावर कुठे सायबर फसवणुकीची तक्रार असली की तुझंही खातं गोठतं. पीक कर्ज, पीएम किसान, सगळं त्याच खात्यात ना? आणि एजंटनं फोन उचलला नाही तर तक्रार कोणाकडे करशील? समोर बसलेले चौघे एकमेकांना फोनवर पत्ते सांगत असतील तेही कळणार नाही. मी पुण्यात ऑफिस धरलंय, पगार येतो.

---

धुरेवाले_काका · २४ ऑगस्ट, रात्री ८:५०

अर्थिंगले रॉड किती मारले? आत्ता पावसात झटका जोरात बसन, पन मार्चपासून काळी जमीन भेगाळली का मशीन नुस्ती टिकटिक करते.

---

जागल्या_दारव्हा · २४ ऑगस्ट, रात्री ९:१५

एकच मारला काका, दुकानदारानं तेवढाच दिला. डुकरं येणं थांबली. रोही मात्र काल वरून उडी मारून आत आला, म्हणून जागल चालूच आहे.

---

धुरेवाले_काका · २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

तीन मार, दहा-दहा फुटावर, खड्ड्यात कोळसा अन् मीठ टाकून. उन्हायात त्यात पानी वतत जाय. रोह्यासाठी वरची तार साडेपाच फुटावर ने अन् तिले पांढऱ्या चिंध्या बांध, रातच्याले त्याले दिसली पाह्यजे.