एरी कालवा: कयाकने, सायकलने, तुम्ही कसा पाहिलात?

न्यूयॉर्क राज्यातला हा कालवा १८१७ ते १८२५ मध्ये खणला, बफेलो ते ऑल्बनी ३६३ मैल, आणि तेव्हा खोली फक्त ४ फूट. काठाने खेचरं बोटी ओढायची, तीच वाट आज बऱ्याच ठिकाणी सायकल ट्रेल झालीये. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, हात आखडता घेऊ नका. सुरुवात मी करते.

लिटल फॉल्सचं १७ नंबरचं लॉक, म्हणजे दोन दारांमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वरखाली करतात. इथे एका दमात ४० फूट चढ. हिरवा दिवा लागल्यावर आम्ही दोघी कयाक घेऊन आत शिरलो. इथलं खालचं दार बाजूला उघडत नाही, अख्खं वर उचलतात आणि आपण त्याच्या खालून जायचं, वरून गार पाणी मानेवर ठिबकत होतं. मग दार खाली आलं आणि एकदम विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटलं. भिंतीवरचा दोर बुळबुळीत, तो नुसता धरायचा, पाणी चढेल तसा हात वर सरकवत राहायचं. बांधायचा अजिबात नाही हं, कयाक कलंडेल! वर आलो तर समोर गवत आणि ऊन.

+१. मी सायकलवाला, ८ दिवसांत पूर्ण केला. बफेलोकडूनच निघा, एकूण उतार ऑल्बनीकडे आहे आणि वाराही बहुतेक वेळा पाठीवर मिळतो. लॉकपोर्टला मात्र घाई करू नका, नव्या लॉकच्या शेजारीच जुनी पाच पायऱ्यांची लॉक्स आहेत, मी तिथे दोन तास बसून होतो.

कयाकवाल्यांनो, सीझन बघून जा. पश्चिमेकडच्या भागात हिवाळ्यात पाणी काढून टाकतात, आम्ही एप्रिलमध्ये गेलो आणि नुसता चिखल बघून परतलो, फार वाईट वाटलं.

आमच्याकडे बाबा आले होते, आयुष्यभर बांधकामात गेलेला माणूस. त्यांना स्कोहॅरी क्रॉसिंगला नेलं, तिथे नदीवरून कालवा नेणाऱ्या जुन्या जलसेतूच्या कमानी उभ्या आहेत. मी सांगितलं की कॅनव्हस व्हाइट नावाचा तरुण इंजिनिअर ब्रिटनमधले कालवे पायी फिरून शिकून आला आणि पाण्यात घट्ट होणारं सिमेंट त्याला याच राज्यात, चिटनँगो गावाजवळच्या दगडात सापडलं. बाबा काही बोलले नाहीत, सायकल गवतात आडवी टाकली, कमानीपाशी गेले आणि दगडांच्या सांध्यावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.