युनिटी हबमधून एडिटर उतरत नाही: २०२२.३ आणि अँड्रॉइड सपोर्ट हाताने कसा बसवायचा?

प्रश्न

विंडोज १०, ६४ बिट. युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर (एडिटर) त्याच्या हब या डाउनलोड आणि इन्स्टॉल करणाऱ्या ॲपमधून बसवायचं आहे. २०२२.३.६२एफ१ हीच आवृत्ती हवी आहे, कारण प्रोजेक्ट तिच्यातच आहे. लॅबचं नेट प्रॉक्सीतून येतं आणि मोठी फाइल अर्ध्यावर तुटते. हब कधी ‘डाउनलोड फेल्ड’ म्हणतं, कधी ‘व्हॅलिडेशन फेल्ड’. सगळं एकदाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवून पेनड्राइव्हने वीस संगणकांवर न्यायचा विचार आहे. सी ड्राइव्हवर प्रत्येकी ११ जीबी मोकळी आहे, डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा.

एडिटर आणि अँड्रॉइड बिल्ड सपोर्ट हबशिवाय बसतात का? जेडीके, एसडीके, एनडीके (बिल्डला लागणारी जावा, अँड्रॉइड आणि नेटिव्ह कोडची साधनं) कुठले घ्यायचे आणि ठेवायचे कुठे? नंतर हबला हे सगळं दिसेल का?

उत्तर १

बसतात. हब फाइल उतरवतं, उलगडतं आणि आपल्या यादीत नोंद करतं. ही तिन्ही कामं हाताने करता येतात. फक्त क्रम आणि आवृत्ती चुकवू नका.

आधी जागेचं बघा. हब डाउनलोड केलेली फाइल सहसा सी ड्राइव्हवरच्या टेम्प फोल्डरात ठेवतं, मग एडिटर डी वर बसवायला सांगितला असला तरी. ११ जीबी त्यातच संपू शकते, आणि अपुरी उतरलेली फाइल हबला ‘व्हॅलिडेशन फेल्ड’ म्हणूनच दिसते. म्हणजे सगळा दोष प्रॉक्सीचाच असेल असं नाही. २० जीबी तरी मोकळी करा, नाहीतर टेम्पचा मार्ग डी वर वळवा.

आता फाइली. युनिटीच्या डाउनलोड अर्काइव्हमध्ये प्रत्येक आवृत्तीसमोर हबच्या बटणाखेरीज सुट्या इन्स्टॉलरच्या लिंका असतात. त्यातल्या दोन घ्या: ‘युनिटीसेटअप६४’ ने सुरू होणारा एडिटर आणि ‘युनिटीसेटअप-अँड्रॉइड-सपोर्ट’ ने सुरू होणारा मॉड्यूल. आवृत्ती शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवी. ६२एफ१ च्या एडिटरवर ६२एफ२ चा अँड्रॉइड सपोर्ट चालवायचा नाही. प्रोजेक्टची नेमकी आवृत्ती ‘प्रोजेक्टसेटिंग्ज’ फोल्डरातल्या ‘प्रोजेक्टव्हर्जन’ नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेली असते, ती तिथूनच वाचा, आठवणीवर जाऊ नका.

ब्राउझरचं डाउनलोड तुटत असेल तर कर्ल हे कमांड प्रॉम्प्टमधून फाइल उतरवायचं साधन वापरा. विंडोज १० मध्ये २०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून ते आलेलंच आहे. लिंकेआधी ‘-सी -’ लिहायचं (सी कॅपिटल, मग स्पेस, मग एकटा हायफन), म्हणजे फाइल जिथे तुटली तिथून पुढे सुरू होते. उतरल्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिजिटल सिग्नेचर्स’. सही वैध दिसली तर फाइल पूर्ण आहे. ही तपासणी टाळू नका. अर्धवट फाइल चालवली की ‘इन्स्टॉलर इंटेग्रिटी चेक हॅज फेल्ड’ येतं आणि लोक उगाच अँटिव्हायरस बंद करत बसतात.

आधी एडिटर, मग अँड्रॉइड. दुसरा इन्स्टॉलर फोल्डर विचारतो तेव्हा ज्याच्या आत ‘एडिटर’ फोल्डर आहे तो बाहेरचा फोल्डर द्यायचा. थेट ‘एडिटर’ दिला तर एडिटरच्या आत आणखी एक एडिटर तयार होतो, आणि बिल्ड सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडसमोर मॉड्यूल नसल्याचा संदेश तसाच राहतो.

वीस संगणकांवर वीस वेळा ‘नेक्स्ट’ दाबायची गरज नाही. दोन्ही इन्स्टॉलर ‘/एस’ ने मुकाट बसतात आणि ‘/डी=’ पुढे फोल्डर देता येतो. एस आणि डी कॅपिटलच हवेत. ‘/डी=’ अगदी शेवटी यायला हवं, आणि मार्गात स्पेस असली तरी अवतरणचिन्हं घालायची नाहीत. घातली तर मार्ग चुकतो. बॅच फाइलमध्ये दोन्ही ओळींच्या सुरुवातीला ‘स्टार्ट /वेट’ ठेवा, नाहीतर एडिटर पुरता बसायच्या आत अँड्रॉइडचा इन्स्टॉलर धावेल.

उत्तर २

हबला दाखवायचं ते असं: ‘इन्स्टॉल्स’मध्ये ‘लोकेट’ दाबा आणि ‘एडिटर’ फोल्डरातली युनिटी डॉट ईएक्सई निवडा. झालं.

पण अशा एडिटरला ‘ॲड मॉड्यूल्स’ हा पर्याय मिळत नाही. हबने स्वतः बसवलेल्या एडिटरलाच तो मिळतो. म्हणून आयओएस, वेबजीएल वगैरे पुढे लागणार असेल तर त्यांचेही सुटे इन्स्टॉलर आत्ताच, त्याच आवृत्तीचे, उतरवून ठेवा.

हब पूर्ण टाळता येणार नाही हेही लक्षात घ्या. पर्सनल लायसन्स हबमध्ये लॉगिन करूनच चालू होतं. फाइल पाठवून हाताने करायचं ॲक्टिव्हेशन पर्सनलसाठी आता बंद आहे. लॉगिनला डेटा फारसा लागत नाही, हॉटस्पॉटवर प्रत्येक संगणकाचं उरकून घ्या.

उत्तर ३

जेडीके, एसडीके, एनडीकेबद्दल. सुट्या अँड्रॉइड इन्स्टॉलरमध्ये हे तिन्ही नसतात. हबमध्ये ते वेगळ्या खुणा करून येतात. २०२२.३ साठी जेडीके ११ आणि एनडीके आर२३बी, म्हणजे २३.१.७७७९६२०. यापेक्षा नवीन ते चांगलं असा हिशेब इथे चालत नाही.

जागा: ‘एडिटर\डेटा\प्लेबॅकइंजिन्स\अँड्रॉइडप्लेअर’. त्यात ‘ओपनजेडीके’, ‘एसडीके’, ‘एनडीके’ असे तीन फोल्डर. ते दुसरीकडे ठेवून प्रेफरन्सेसमधल्या ‘एक्स्टर्नल टूल्स’मध्ये मार्ग देता येतो, पण त्या सेटिंग्ज विंडोजच्या प्रत्येक युजरच्या वेगळ्या राहतात. लॅबमध्ये दर विद्यार्थ्याचं लॉगिन वेगळं असेल तर प्रत्येकाला तोच मार्ग पुन्हा भरावा लागेल. ठरलेल्या जागी ठेवलं की ‘इन्स्टॉल्ड विथ युनिटी’च्या खुणा तशाच राहतात आणि कुणाला काही करावं लागत नाही.

माझं मत विचाराल तर हे तीन तुकडे वेगवेगळे गोळाच करू नका. हॉटस्पॉट आहे ना? मग एकाच संगणकावर हबमधून एडिटर, अँड्रॉइड, एसडीके-एनडीके, ओपनजेडीके सगळं बसवा, एक रिकामा प्रोजेक्ट बिल्ड करून बघा, आणि आवृत्तीचा अख्खा फोल्डर उचलून बाकी १९ ठिकाणी टाका. एडिटर असा हलवला तरी चालतो. उघडताना व्हीसीरनटाइम किंवा एमएसव्हीसीपी१४० नावाची डीएलएल नाही असं आलं, तर मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ २०१५-२०२२ रीडिस्ट्रिब्युटेबल (एक्स६४) बसवा.

नेताना सुट्या फाइली नेऊ नका. एनडीकेत हजारो बारीक फाइली आहेत, पेनड्राइव्हवर तासन्‌तास जातील. ७-झिपने एक फाइल करा. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. उलगडतानाही ७-झिपच वापरा, आणि थेट डी ड्राइव्हच्या मुळाशी. विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा एनडीकेच्या खोल फोल्डरांत सहज ओलांडली जाते, मग फाइली गळतात आणि ते कळतं थेट बिल्डच्या वेळी.

प्रश्नकर्ता

वरचं वाचण्याआधीच एका संगणकावर सुटे तुकडे बसवले होते. एडिटर उघडतो, हबला दिसतो. पण एनडीकेच्या फोल्डरबद्दल तक्रार येते, आणि बिल्डला ‘अनेबल टू लिस्ट टार्गेट प्लॅटफॉर्म्स’. एसडीकेसाठी गुगलच्या पानावरची सगळ्यात नवी कमांड-लाइन टूल्स घेतली आहेत.

उत्तर ३

दोन वेगळ्या चुका आहेत.

एनडीके: झिप उलगडली की ‘अँड्रॉइड-एनडीके-आर२३बी’ नावाचा फोल्डर मिळतो. तो तसाच ‘एनडीके’च्या आत ठेवला असणार. ‘सोर्स डॉट प्रॉपर्टीज’ ही फाइल थेट ‘एनडीके’मध्ये दिसायला हवी, कारण युनिटी आवृत्ती तिच्यातून वाचतं. मधला फोल्डर काढून टाका. हब बसवताना हे नाव बदलायचं काम स्वतः करतं, म्हणून एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. जेडीकेचंही तेच: ‘ओपनजेडीके’ उघडल्या उघडल्या ‘बिन’ दिसलं पाहिजे.

‘अनेबल टू लिस्ट’: युनिटी एसडीके मॅनेजरला आपल्या जेडीके ११ ने चालवतं, आणि नव्या कमांड-लाइन टूल्सना जावा १७ लागतं. लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ आणि ६१.० विरुद्ध ५५.० असे आकडे सापडतील. ६१ म्हणजे जावा १७, ५५ म्हणजे ११. यावर एडिटरचा जेडीके १७ करू नका, ग्रेडलमध्ये (अँड्रॉइडचं बिल्ड चालवणारं साधन) दुसरी अडचण उभी राहील. जावा १७ वेगळ्या फोल्डरात ठेवा, कमांड प्रॉम्प्टच्या त्या खिडकीपुरता ‘जावा होम’ (जावा कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल) त्याच्याकडे वळवा आणि नव्या एसडीके मॅनेजरकडूनच ‘सीएमडीलाइन-टूल्स;६.०’ मागवा. आलं की ‘लेटेस्ट’ हा फोल्डर काढून टाका.

त्याआधी एसडीके मॅनेजर ‘कुड नॉट डिटरमाइन एसडीके रूट’ म्हणाला तर फोल्डरांची उतरंड चुकली आहे. ‘एसडीके\सीएमडीलाइन-टूल्स\लेटेस्ट\बिन’ अशी हवी. झिपमध्ये ‘लेटेस्ट’ नसतो, तो आपण करायचा. त्याच बैठकीत प्लॅटफॉर्म-टूल्स, बिल्ड-टूल्स आणि हवा तो प्लॅटफॉर्म घ्या, आणि ‘--लायसन्सेस’ देऊन सगळ्या अटी मान्य करा. त्याने ‘लायसन्सेस’ फोल्डर तयार होतो. दुसऱ्या संगणकावर एसडीके नेताना तोही न्यायचा, नाहीतर ग्रेडल अटी मान्य नाहीत म्हणून थांबेल.

एनडीके खरंच दोषी आहे का हे पटकन बघायचं असेल तर प्लेअर सेटिंग्जमध्ये स्क्रिप्टिंग बॅकएंड (सी# कोड चालवायची पद्धत) तात्पुरता मोनो करून बिल्ड करा. प्रोजेक्टमध्ये बर्स्ट (युनिटीचा वेगवान कोडसाठीचा कंपायलर) नसेल तर मोनोला एनडीके लागत नाही. मोनोवर एपीके झाली आणि आयएल२सीपीपीवर (सी# चं सी++ करणारा दुसरा बॅकएंड) नाही, तर गडबड एनडीकेत. शेवटी आयएल२सीपीपीवर परत यायलाच हवं, कारण एआरएम६४ (६४ बिट फोनसाठीचं बिल्ड) त्याशिवाय होत नाही आणि प्ले स्टोअरला १ ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिट सक्तीचं आहे.

उत्तर ४

पुढचा अडथळा आत्ताच सांगून ठेवतो, कारण लॅबच्या प्रॉक्सीमागे तो येणारच. ग्रेडल युनिटीसोबत येतं, पण पहिल्या अँड्रॉइड बिल्डला ते गुगल आणि मेव्हन सेंट्रलवरून लायब्रऱ्या ओढतं. हबची प्रॉक्सी त्याला कळत नाही. युजरच्या ‘.ग्रेडल’ फोल्डरात ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’ करून त्यात ‘सिस्टमप्रॉप.एचटीटीपीएस.प्रॉक्सीहोस्ट’ आणि ‘प्रॉक्सीपोर्ट’ या दोन ओळी भरा. किंवा हॉटस्पॉटवर एक बिल्ड पूर्ण होऊ द्या आणि तयार झालेला ‘.ग्रेडल’ फोल्डर बाकीच्यांवर न्या.

आणि एक. विंडोजच्या खात्याचं नाव देवनागरीत असेल, तर ‘.ग्रेडल’ आणि टेम्प हे दोन्ही मार्ग देवनागरी अक्षरांतून जातात. अँड्रॉइडची बिल्ड साधनं विंडोजवर अशा मार्गांवर अडतात, प्रोजेक्टच्या मार्गात ‘नॉन-आस्की’ अक्षरं आहेत अशी सरळ तक्रारही करतात. फक्त खात्याचं दिसणारं नाव बदलून उपयोग नाही, ‘युजर्स’मधला फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. ‘ग्रेडल_युजर_होम’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल करून त्याला डी ड्राइव्हवरचा इंग्रजी नावाचा छोटा फोल्डर द्या, टेम्प आणि टीएमपीही तिकडेच वळवा, प्रोजेक्टही तिकडेच ठेवा. मग युनिटी आणि हब दोन्ही बंद करून पुन्हा उघडा. हब ट्रेमध्ये चालू राहिलं तर त्यातून उघडलेल्या एडिटरला जुनेच मार्ग मिळतात.