मदत हवी आहे: जानेवारीत ब्रह्मपुरी-वडसा भागात कुठल्या गावात कधी नाटक आहे, हे कळतं कुठे?

सासवडरोड:

नमस्कार मंडळी, इथे झाडीपट्टीकडचं (चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदिया) कोणी असेल तर प्लीज वाचा. पोस्ट लांब झालीये, आधीच सॉरी.

आईचं माहेर ब्रह्मपुरी तालुक्यातलं. लग्न होऊन पुण्यात आली त्याला 50 वर्षं होतील, आता वय 74, गुडघे गेलेत, पण दिवाळी झाली की तिचं सुरू होतं, आता तिकडे मंडई (म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा) लागली असेल, नाटकं उभी राहिली असतील. दरवर्षी ती म्हणते आणि दरवर्षी आम्ही हो हो करत तिला बालगंधर्वला नेऊन आणतो. तिथला बटाटेवडा तिला आवडतो. नाटकाबद्दल मात्र बाहेर पडताना एकच, "चांगलं होतं गं, पण साडेबाराला काय संपतं नाटक?"

दोन वर्षांपूर्वी मी आणि भाऊ तिला घेऊन गेलोही होतो. मामेभावाने व्हॉट्सॲपवर हँडबिलाचा फोटो पाठवलेला, अमुक गाव, शनिवार, रात्री 10. तालुका फोटोत कापला गेला होता आणि आम्हाला वाटलं आईचंच गाव ना, मग ब्रह्मपुरीच असणार. रात्री नऊला पोचलो तर गाव चिडीचूप, एका ओट्यावर एक आजोबा शेकोटी करून बसलेले, ते म्हणाले नाटक या गावात नाही जी, त्याच नावाचं दुसरं गाव आहे नदीपलीकडे आरमोरीकडे, तिथे आहे. आई गाडीतून उतरलीच नाही. परत येताना कोणी काही बोललं नाही, फक्त भाऊ मधेच एकदा म्हणाला, गुगल मॅपला पण तालुका कळत नाही.

तर आता संक्रांतीच्या आसपास पाच दिवस काढलेत आणि यावेळी चूक नकोय. पुण्यात ॲप उघडलं की तारीख, वेळ, सीट नंबर सगळं समोर, तिकडचं काहीच तसं सापडत नाहीये. फेसबुकवर काही नाट्यमंडळांची पेजेस आहेत पण तिथे झालेल्या प्रयोगांचे फोटो जास्त, पुढचे प्रयोग कुठे आहेत हे कुठेच नीट नाही. दोन मंडळांना फोन लावला, एकाने उचलला नाही आणि दुसऱ्याने विचारलं किती प्रयोग पाहिजेत, गाव कोणतं, त्याला वाटलं मी नाटक ठरवायलाच फोन केलाय 😅

अजून एक, आणि हे जरा अवघड आहे. आईला वडशाच्या कंपनीचं, म्हणजे व्यावसायिक मंडळाचं नाटक चालेल, पण तिला खरं बघायचंय ते गावच्या पोरांचं. तिच्या लहानपणी गावातलेच लोक कामं करायचे, तिचा थोरला मामा दिवसा धान कापायचा आणि रात्री तालमीत इन्स्पेक्टर व्हायचा, बायकांची कामं करायला तेवढ्या नट्या बाहेरून बोलवायचे. मामा एका वर्षी खाकी शर्ट मिळाला नाही म्हणून पोस्टमनचा घालून उभा राहिला आणि लोक खालून "चिठ्ठी आली का" म्हणून ओरडले, ही गोष्ट मी किमान शंभर वेळा ऐकलीये. असं हौशी अजून कुठे होतं का? आणि 74 वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्रभर बसण्यासारखी सोय असते का, बाथरूमचं काय, मुक्काम कुठे करावा, जे सुचेल ते सांगा.

तिसरीघंटा:

ताई, पहिली गोष्ट, फोनवर तुम्ही चुकीचा प्रश्न विचारलात. वडशात, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजात, या मंडळांची बुकिंगची ऑफिसं आहेत, सीझनला तिथे गावोगावचे लोक नाटक ठरवायला येतात. त्यांच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे गाव. तिकीट ते विकतच नाहीत, गावचं मंडळ त्यांच्याकडून प्रयोग घेतं आणि मग तिकीट काढून गावात लावतं, उरलेल्या पैशात देऊळ, शाळेचं काहीतरी, पुढच्या वर्षीची तयारी असं चालतं. म्हणून "तुमचं नाटक कुठे आहे" असं नका विचारू. "11 ते 15 तारखेला तुमचे प्रयोग कोणत्या गावांना दिलेत" असं विचारा, सांगतील, त्यांच्या डायरीत सगळं लिहिलेलं असतं. आणि गावाच्या नावाबरोबर तालुका विचारायचा. तुम्हाला सांगायला नको म्हणा.

तारीख मिळाली तरी आदल्या दिवशी पुन्हा फोन करायचा. गावात कोणाकडे मयत झालं, पाऊस आला, की नाटक पुढे जातं.

आलूबोंडा:

हँडबिलावर तारीख शोधणं हे पण एक कामच आहे. वर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलन, विशेष अतिथी, मग पन्नास प्रमुख पाहुणे, सगळ्यांचे फोटो, आणि नाटकाचं नाव त्यातच कुठेतरी. वेळ 10 लिहिलेली असेल तर 10 ला ही सगळी मंडळी स्टेजवर चढतात आणि एकेकाचा सत्कार होतो. पडदा वर जायला सहज साडेअकरा. मावशींना घरी जेवण करून आरामात आणा, घाई करू नका.

उगाचच:

हे रात्रभर वगैरे खरंच असतं का? मला वाटायचं लोक वाढवून सांगतात. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं दोन तासात आटपतात आणि तरी मागच्या रांगा रिकाम्या.

आलूबोंडा:

@उगाचच खरंच असतं. अंक तीन, मधे गाणी, लावणी, कॉमेडीचा सीन लोकांनी टाळ्या वाजवल्या तर दुप्पट लांबतो. ऑर्गन-तबला-ऑक्टोपॅडवाले समोरच बसलेले. पहाटे पाच-साडेपाचला शेवट, तिथून लोक डायरेक्ट शेतावर. यायचं असेल तर या, दिवाळीनंतर सुरू होतं ते होळीपर्यंत चालतं.

आणि हे सगळं साधंसुधं समजू नका. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. आमच्या आजीला टीव्हीवरचे नट ओळखू येत नाहीत पण झाडीपट्टीतले विनोदी नट पाठमोरे ओळखते.

वैनगंगाकाठ:

तुमची माय कोन्या गावची जी ताई? नाव इथं नका टाकू, मेसेज करजा. मी आरमोरीकडचा हावो.

पोरांच्या नाटकाचं सांगतो. कमी झालं पन बंद नाई झालं. आमच्या गावात आताही होते. पोरं गावचीच, दिवारीपासून तालीम, दोन नट्या, म्युझिक आन सीन-सिनरी तेवढी बाहेरून आनतो. आता हिशोब असा हाये का कंपनीचं नाटक घेतलं का मोठ्या नटाच्या नावावर तिकीट खपते, पैसा निघते. पोरांच्या नाटकाले आपलेच सोयरे येतात आन निम्मे फुकट बसतात 😂 म्हनून गावं कंपनीकडे वरली. आमी दोनी करतो. एक वर्ष कंपनी, एक वर्ष पोरं. यंदा पोरांचा नंबर हाये, तारीख 13 जानेवारी, मंगरवार. पक्की.

दुसरं, पट, म्हनजे बैलांच्या शर्यती. शंकरपट जिथं असते तिथं रात्री नाटक ठरलेलंच, मोठ्या पटाले तर एका गावात एका रात्री तीन-चार मंडप. मधे कोर्टाच्या बंदीनं पट बंद होते तवा ही मजा गेलती, 2023 मधे सुप्रीम कोर्टानं परवानगी कायम केली आन आता गर्दी पाहा. पन मायले तिथं नका आनू, भोंगे चारी बाजूनं, कोन्या नाटकातली बाई रडून राह्यली तेच समजत नाई.

तिसरीघंटा:

@वैनगंगाकाठ भाऊ, बसायचं कसं असतं तुमच्याकडे, ते त्यांना नीट सांगा. गुडघ्याचा प्रश्न आहे.

वैनगंगाकाठ:

धान निघालेल्या बांधीतच मंडप. समोर जमीन खोदून ते माती स्टेजखाली टाकतो, म्हनजे स्टेज उंच होते आन मानसं खाली बसतात, मागच्यालेही दिसते. चारी बाजूनं कनात. खाली तनस, म्हनजे धानाचा पेंढा, अंथरलं राह्यते, त्यावर आपापली चादर, आन बाजूनं खुर्च्यांचं तिकीट येगरं. मायले खुर्ची ठेवतो, पैसे नाई पायजे. बाथरूम मंडपात नाई, पन बाजूले माह्या काकाचं घर हाये, तिथं सोय होते, लाजू नका.

थंडी बेक्कार राह्यते. शाल नाई, ब्लँकेट आना. कानाले बांधाले मफलर.

सासवडरोड:

अहो किती छान, मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. तुमची भाषा वाचताना ती मधेच हसायला लागली आणि मग मला म्हणाली, "मंगरवार" नीट म्हण, तू पुण्यासारखं म्हणतेस.

मेसेज केलाय तुम्हाला. आता प्रवासाचं. महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट गोंदिया गाठून तिथून पॅसेंजरने वडसा करावं, की नागपूरला उतरून गाडी करावी? आई म्हणते नागपूरहून नागभीडला छोटी रेल्वे जाते.

तिसरीघंटा:

छोटी रेल्वे 2019 लाच बंद झाली, ब्रॉडगेजच्या कामासाठी. मावशींना हळूच सांगा. गोंदियाहून वडशाला थेट लाइन आहे पण गाडी बदलणं, जिने, सामान, या वयात कशाला. नागपूरला उतरून उमरेड, भिवापूर, नागभीड करत ब्रह्मपुरी, तीनेक तास धरा. मुक्काम ब्रह्मपुरीतच करा, लॉज आहेत, तिथून वैनगंगेचा पूल ओलांडला की पलीकडे वडसा.

एक गोष्ट मात्र सिरीयसली घ्या. नाटक अर्धवट सोडून रात्री दोन-तीनला निघायचं नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात वाघ भरपूर आहेत, रस्त्यावर येतात, बंद गाडीत असलात तरी मधे पंक्चर झालं तर काय? उजाडेपर्यंत मंडपात बसायचं आणि मग सगळ्यांबरोबर निघायचं. नाटक रात्रभर का चालतं त्याचं हेही एक उत्तर लोक देतात, पूर्वी बैलबंडीने दूरच्या गावाहून आलेले लोक रात्री परत जाणार कसे.

उगाचच:

मी पण येऊ का? सिरीयसली विचारतोय. खुर्ची नको, खाली बसतो.

वैनगंगाकाठ:

या नं जी. तिकीट घ्या लागन पन. निम्मे फुकटवाले आमचे सोयरेच भरले हायेत.

सासवडरोड:

अपडेट. तिकिटं काढली, ब्रह्मपुरीत दोन रात्रींची खोली बुक झाली, वैनगंगाकाठ दादांशी फोनवर बोलणं झालं आणि आई त्यांच्या आईशी पाऊण तास बोलली. त्यात असं निघालं की त्यांच्या गावात आमच्या मामाच्या सुनेची बहीण दिलेली आहे, म्हणजे आता आम्ही पण सोयरेच आणि तिकिटाचा विषयच संपला, पण मी पैसे देणार आहे, मागचा हिशोब वाचलाय मी.

नाटकात इन्स्पेक्टर आहे का, हे पण आईने विचारून घेतलं. आहे म्हणे. खाकी शर्ट आहे का, हेही विचारलं.

फक्त एक नवीन अडचण झालीये. खुर्ची ठेवलीये हे ऐकून ती चिडली, म्हणे नाटक काय खुर्चीवर बसून बघतात का, मी खाली तणसावर बसणार. बसेल हो, बसताना प्रश्न नाही. पहाटे साडेपाचला तिला उठवायला दोन धडधाकट माणसं लागतील. @उगाचच, तुम्ही येताय ना नक्की?

उगाचच:

रिझर्वेशन केलं. एक मी आहे, दुसरा बघा.