एक्सेलमध्ये सेवाकाळ कसा काढायचा? ३६५ ने भागलं की घोळ होतोय

चहा_आणि_व्हाउचर
नमस्कार मंडळी. मी एका छोट्या पतसंस्थेत अकाउंट्स बघते. ४० जणांची यादी आहे, बी कॉलमला रुजू तारीख, सी ला निवृत्तीची तारीख, आणि ग्रॅच्युइटीसाठी मधला सेवाकाळ वर्षं-महिने-दिवस असा पाहिजे. आधी सरळ सी मधून बी वजा केलं तर पहिल्याच ओळीला उत्तर आलं १६-१२-१९२५!! माणूस लागलाय १५-६-१९९८ ला आणि रिटायर ३१-५-२०२४ ला, हे १९२५ कुठून उगवलं? मग वैतागून ३६५ ने भागलं, ते बरं वाटलं, पण आमच्या शिपाईकाकांचं (५-१२-१९९५ ते ३१-५-२०२३) २७.५० आलं म्हणजे राउंड करून २८ वर्षं, आणि साहेब बोटं मोजून म्हणतात २७च. काकांना १५ दिवसांचा पगार जास्त द्यायचा की नाही ते यावर अडलंय. शिवाय सात-आठ ओळींत नुसती एरर. कोणीतरी सांगा प्लीज, ऑडिट डोक्यावर आहे.

गावठी_कॉम्प्युटर
१९२५ ला घाबरू नका ताई. एक्सेल तारीख म्हणून आतमध्ये एक आकडाच ठेवतं, १ जानेवारी १९०० म्हणजे १, मग पुढे रोज एक वाढत जातो. तुमचं उत्तर होतं ९४८२ दिवस, पण त्या सेलचा फॉरमॅट आधीपासून डेटचा असणार म्हणून त्याने ९४८२ वा दिवस कुठला ते दाखवलं. फॉरमॅट जनरल करा, दिसेल.

काकांच्या बाबतीत साहेब बरोबर. दिवस होतात १००३९, त्याला ३६५ ने भागलं की २७.५०४. पण त्या २७ वर्षांत ७ लीप वर्षं आली, १९९६ पासून २०२० पर्यंत, ते ७ जादा दिवस तुम्ही फुकटात सेवेत धरले आणि काका साडेसत्तावीसच्या रेषेपलीकडे गेले. ३६५.२५ ने भागलं तर २७.४९ येतं, पण तोही जुगाडच, रेषेच्या अगदी जवळच्या केसला तो पण फसवणार. दिवस भागून वर्षं काढायचीच नाहीत.

मधली_सुट्टी
डेटेडिफ वापरा, दोन तारखांमधलं अंतर काढणारं फंक्शन आहे. मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून असं लिहितेय, शीटमध्ये इंग्रजीत टाका:

=डेटेडिफ(बी२,सी२,"वाय") पूर्ण वर्षं
=डेटेडिफ(बी२,सी२,"वायएम") वर्षं सोडून उरलेले महिने

दिवसांसाठी "एमडी" पण आहे, पण तो वापरू नका, त्याच्यात खोट आहे आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच तसं सांगतं. ३१-१-२०२३ ते १-३-२०२३ टाकून बघा, उणे २ दिवस येतील 😄 त्याऐवजी =सी२-ईडेट(बी२,डेटेडिफ(बी२,सी२,"एम")) करा, म्हणजे पूर्ण झालेले महिने रुजू तारखेत मिळवायचे आणि तिथून पुढचे दिवस मोजायचे.

चहा_आणि_व्हाउचर
अहो पण डेटे टाईप केल्यावर खाली लिस्टमध्ये हे नावच येत नाहीये, डेट आणि डेटव्हॅल्यू एवढंच दिसतंय. माझं व्हर्जन जुनं आहे का?

मधली_सुट्टी
नाही नाही, नव्यातही येत नाही. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामच्या जमान्यातल्या शीट चालाव्यात म्हणून ठेवलेलं फंक्शन आहे, घरात असून पंगतीला न बसवलेल्या पाहुण्यासारखं. पूर्ण नाव हाताने टाका, शेवटी एफ एकच. गुगल शीट्समध्ये पण चालतं.

नियमावर_बोट
मधली_सुट्टी यांना +१, आणि फॉर्म्युल्यात पण +१ पाहिजे! रुजू झालेला दिवस आणि शेवटचा दिवस दोन्ही सेवेत धरतात, वजाबाकीत एक गळतो. १-६-१९९५ ते ३१-५-२०२३ म्हणजे बरोब्बर २८ वर्षं, पण फॉर्म्युला २७ वर्षं ११ महिने ३० दिवस दाखवेल. म्हणून सेवाकाळ छापायचा असेल तर सगळीकडे सी२ च्या जागी सी२+१. काकांचे मग २७ वर्षं ५ महिने २७ दिवस.

पण ग्रॅच्युइटीची राउंड वर्षं काढताना +१ लावू नका, गंमत इथेच आहे. काकांच्या निवृत्तीच्या वेळी लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात उरलेला काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तरच पूर्ण वर्ष धरायचे, नेमके सहा असतील तर नाही. +१ न लावता =डेटेडिफ(बी२,सी२,"वाय")+इफ(डेटेडिफ(बी२,सी२,"वायएम")>=६,१,०) असं केलं की तो गळलेला एक दिवस आपल्या कामाचा ठरतो, नेमके सहा महिनेवाला आपोआप बाहेर राहतो. वरच्या २८ वर्षंवाल्यालाही २७ आणि १ असे २८च येतात. काका २७. बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) २६ हजार धरला तर त्या एका वर्षाचे, २६ दिवसांचा महिना धरून, १५ हजार होतात, त्यामुळे साहेब बोटं मोजतात ते उगाच नाही.

गावठी_कॉम्प्युटर
हे +१ न लावायचं डोक्यातच आलं नव्हतं, मी आत्तापर्यंत दोन्हीकडे लावत होतो 🙈

ताई, त्या एररवाल्या ओळींत कुणीतरी १५.०६.१९९८ असं टिंब देऊन टाईप केलंय का बघा. आपल्याकडे कागदावर टिंबच देतात, एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि तो डावीकडे चिकटतो. कॉलम सिलेक्ट करून डेटा मेनूत टेक्स्ट टू कॉलम्स, तिसऱ्या पायरीला डेट, डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष). आणि न सांगता फसवणारा प्रकार वेगळाच, कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकेचं असेल तर ५-१२ चं १२ मे होतं, तिथे एरर पण येत नाही. फॉरमॅटमध्ये महिना अक्षरात करून सगळ्या तारखा एकदा डोळ्याखालून घाला.

चहा_आणि_व्हाउचर
टिंबच होती!! सहा ओळींत. आणि उरलेल्या एका ओळीत साल १९८९ ऐवजी १९८८९ पडलेलं, ती माझीच करामत. ५-१२ मात्र ५ डिसेंबरच आहे, तपासलं. काकांचे २७ फायनल, आता त्यांना सांगायचं काम साहेबांवर ढकलते.